कानवाल्या काकूंची बॅटरीवरची सायकल

सत्तावन्नाव्या वर्षी बाईमाणसानं काय करावं, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. गुडघ्यांना तेल चोळावं, नातवंडांचे लाड करावेत, जिना चढताना मध्येच थांबून "हुश्श" म्हणावं. कानवाल्या काकूंनी यातलं तेल बरीच वर्षं चोळलं, आणि एक दिवस उठून बॅटरीवरची सायकल घेतली. घेतली तीही कशी? दुकानदार बिचारा समजावून सांगतोय, "बाई, पहिल्यांदा मोटार बंद ठेवून एक चक्कर मारा," आणि काकू केव्हाच कोपऱ्यावरून वळून गायब. तो आपला चार्जर हातात धरून दारात उभा.

घरी आल्या त्या धापा टाकत, पण दमून नव्हे. "अहो, कुणीतरी ढकलतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पेडल मारलं की मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतं. लहानपणी बाबा शिकवायचे ना, अगदी तसं. फरक एवढाच, की बाबा दमायचे."

काकूंचे यजमान म्हणजे उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, चाक दाबून बघितलं आणि विचारलं, "हिचा आवाज कुठंय?"

"आवाज करतच नाही ती. तीच तर गंमत आहे."

"हं," यजमान म्हणाले. हा माणूस नुसतं "हं" म्हणाला की समजावं, गोष्ट काही पटलेली नाही.

आता कानवाल्या का, तर काकू ऐकायची मशिनं दुरुस्त करायच्या. फोटो स्टुडिओच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, मान हवी तशी वाकणारा एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतीला नखाएवढ्या सुट्या भागांचे खण. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला जिन्याच्या पायरीवर बसावं लागे. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या कानातली मशिनं तिथं यायची. कुणाच्या नळीत मळ अडकलेला, कुणाचं आंघोळीच्या बादलीत पडलेलं, कुणाचं नातवानं चावून बघितलेलं. काकू मळ काढायच्या, नळी बदलायच्या, भिजलेलं मशीन ओल शोषणाऱ्या मण्यांच्या डब्यात ठेवायच्या, आणि शेवटी स्वतःच्या कानाला लावून "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" असं स्वतःलाच विचारायच्या.

अडचण एकच होती. मशीन दुरुस्तीला आलं की तेवढे दिवस माणूस ठार बहिरा. खालच्या टोकाचे लोक स्वतः येऊन घेऊन जायचे, पण रस्ता चढत चढत वर बागेपर्यंत जाणारा, आणि वरच्या टोकाला राहणाऱ्यांचे पाय काकूंच्या गुडघ्याइतकेच गुणी. वरच्या टोकाची ती शिवणकाम करणारी बाई, तिचं कानाचं मशीन बिघडलं की महिना महिना घरात मुक्यानं वावरायची, कारण काकूंनी वर जायचं म्हणजे चार ठिकाणी बूड टेकायचं आणि तिनं खाली यायचं म्हणजे त्याहून अवघड. सायकल आल्यावर काय झालं? सकाळी नेलेलं मशीन जेवायच्या आत परत. पहिल्यांदा काकू दारात उभ्या राहिल्या तेव्हा शिवणवाल्या बाईला वाटलं, दुरुस्त होणार नाही म्हणून तसंच परत आणलंय. तिनं रडवेलं तोंड करून ते कानात घातलं आणि दारातच काकूंचा हात धरून बसली. म्हणाली, "काकू, कुकरची शिट्टी ऐकू येतेय."

तुम्हीच सांगा, असं ऐकल्यावर माणूस हवेत जाईल की नाही? काकू गेल्या. पुरत्या गेल्या.

ज्या रस्त्यावरून हे सगळं चालायचं तोही साधासुधा रस्ता नव्हता. काही वर्षांपूर्वी तो मोटारगाड्यांना बंद केलेला. सुरुवातीला लोक जुन्या सवयीनं कडेकडेनंच चालायचे. मग हळूहळू मधून चालायला लागले, मग मध्येच थांबून गप्पा ठोकायला लागले. दुकानदारांच्या खुर्च्या बाहेर आल्या, फुलवालीच्या कुंड्या फरशीवर पसरल्या. सकाळी तर झाडून सगळे खालून वर बागेत फिरायला निघायचे आणि संध्याकाळी निवांत परत उतरायचे. होता होता सगळ्यांचीच एक सवय सुटली, ती म्हणजे मागं वळून बघायची. मागून येणार काय, तर फार तर शेजारी. परगावचा माणूस या रस्त्यावर लगेच ओळखू यायचा. तो दर पाच पावलांनी मागं बघायचा.

तर अशा या रस्त्यावर बॅटरीच्या सायकलींना परवानगी होती, पण चालत्या माणसाच्या वेगानं, आणि तीही तात्पुरती. रस्त्याची एक समिती होती, तिचे प्रमुख घड्याळवाले. रस्त्याच्या अर्ध्यावर त्यांचं दुकान. माणूस भला, पण घड्याळासारखाच, एकदा किल्ली दिली की थांबायचा नाही. त्यांनी बजावून सांगितलं होतं, की तक्रार आली तर पुन्हा विचार करू.

"चालत्या माणसाचा वेग म्हणजे नेमका कुणाचा?" काकू विचारायच्या. "पोस्टमनही चालतोच की." आणि पोस्टमनला मागं टाकून सुटायच्या.

सायकलीची मूळची घंटी त्यांना मिळमिळीत वाटली म्हणून त्यांनी पितळेची मोठी बसवून घेतली. ती ठणठणली की पुढचे लोक दोन्ही बाजूंना फाकायचे आणि काकू मधून झुळकन जायच्या. आयुष्यभर जिन्याखाली वाकून बसलेल्या बाईसाठी लोक बाजूला होतायत, हे सुख काय वर्णावं. जेवताना त्या यजमानांना सांगायच्या, आज बेकरीवाला कसा उडी मारून बाजूला झाला, आज त्या वकिलीणबाई कशा भिंतीला चिकटल्या.

"दचकतात ते," यजमान म्हणाले.

"दचकतात कसले? मान देतात."

"हं."

या "हं"कडे काकूंनी साफ दुर्लक्ष केलं. आणि मग ती सकाळ आली.

बँडमास्तर म्हणजे या रस्त्याची शान. ऐंशी ओलांडलेले, पण ताठ असे, की कोटाला खुंटीची गरज नाही. कधीकाळी गावच्या बँडचे मास्तर होते. हातात काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं चालायचे, मागं पन्नास माणसांचा बँड. एवढ्या वर्षांच्या कर्ण्यांनी आणि ढोलांनी दोन्ही कान नेले. मशीन घातलं तर ऐकू यायचं, काढलं तर तोफ डागा, पत्ता नाही. त्या दिवशी मास्तर सकाळी सकाळीच दोन्ही मशिनं काकूंच्या टेबलावर ठेवून गेले. दोन्ही एकदम बंद पडली होती. "मी बागेत जाऊन येतो, तोवर बघा," म्हणाले आणि हळूहळू चढाला लागले.

काकूंनी उघडून बघितलं तर काहीच नाही, मळ आणि ओल. चुटकीसरशी झालं. आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? मास्तर परत यायची वाट बघितली असती. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. काकूंच्या डोक्यात आलं, मास्तर बागेत पोचायच्या आत त्यांच्या कानात मशीन घालायचं. आज त्यांना पाखरं ऐकू येऊ देत. मशिनं पेटीत ठेवली, पेटी कॅरिअरला अडकवली, मोटार चांगली वरच्या टप्प्यावर टाकली आणि निघाल्या. चेहऱ्यावर कसला आनंद होता म्हणून सांगू. चांगलं काम करायला निघालेल्या माणसाच्या अंगात जी मस्ती येते, तिला दुसरी तोड नाही.

लोक फाकत होते. घंटी ठणठणत होती. फक्त फुलवालीच्या कुंड्यांपाशी रस्त्याच्या बरोबर मध्ये कुणीतरी एक काळा कोट चालत होता, तो काही हलेना. काकूंनी घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. त्या डावीकडे वळल्या, तर तो नेमका डावीकडे. त्या उजवीकडे, तर तोही उजवीकडे, कुंड्यांतली फुलं बघत. काकूंचं डोकं सणकलं.

"अहो आजोबा, बहिरे आहात का?" त्या ओरडल्या.

आणि शब्द तोंडातून निघता निघता त्यांनी तो कोट ओळखला.

ब्रेक दाबला, पण चाक कोटाला घासलंच. मास्तरांना ऐकू काही आलं नव्हतं, एकाएकी मागून अंगाला काहीतरी लागलं एवढंच कळलं. ते केवढ्यानं दचकले. कुंडीला अडखळले आणि हातावर पडले. मनगट मुरगळलं. जमिनीवर बसून ते वर काकूंकडं बघत राहिले. काकूंचं तोंड हलत होतं आणि मास्तरांना एक अक्षर कळत नव्हतं, कारण त्यांचे दोन्ही कान काकूंच्या पेटीत होते. काकू काय ओरडल्या तेही त्यांनी ऐकलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या रस्त्यानं ऐकलं होतं.

काकूंनी पेटी उघडली आणि मशिनं त्यांच्या कानात घातली. घालून झाल्यावर मास्तरांना पहिलं वाक्य ऐकू आलं ते धावत आलेल्या घड्याळवाल्यांचं. "आता पुरे झालं," ते म्हणत होते. "रविवारी बैठक. सायकली बंद."

घरी येऊन काकू खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. जन्म गेला बहिऱ्यांची सेवा करण्यात, आणि आज आपण एका बहिऱ्याला भर रस्त्यात बहिरा म्हटलं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. पण माणसाची गंमत बघा, लाज फार झाली की तिचा राग होतो. दुसऱ्या दिवशी काकू तणतणायला लागल्या. अपघात कुणाला होत नाही, रस्ता काय त्या घड्याळवाल्याच्या सासऱ्यानं आंदण दिलाय, आणि सायकल बंद केली तर वरच्या टोकाच्या लोकांनी काय करायचं, पुन्हा महिना महिना घरात मुक्यानं बसायचं? हे शेवटचं मात्र खरं होतं, आणि तेच त्यांना आतून खात होतं. सायकल गेली तर त्या पुन्हा जिन्याखाली, आणि ती शिवणवाली पुन्हा तिच्या गप्प घरात.

यजमानांनी "सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडायला तरी बरं झालं असतं.

रविवारी सकाळी घड्याळवाल्यांच्या दुकानापुढं खुर्च्या मांडल्या. सगळा रस्ता जमला. मास्तर पुढच्या रांगेत, मनगटाला पट्टी. एकेक जण उठून बोलू लागला आणि काकूंच्या पायाखालची जमीन सरकत गेली. बेकरीवाला म्हणाला, घंटी वाजली की माझ्या हातातला ट्रे हलतो. वकिलीणबाई म्हणाल्या, मी दार उघडून आधी बाहेर डोकावते आणि मग पाऊल टाकते. अगदी फुलवाली, जी काकूंची मैत्रीण, ती खाली मान घालून म्हणाली, "अलीकडं पाठीत कसंसंच वाटतं." ही सगळी तीच माणसं, जी बाजूला होताना काकूंना मान देत होती.

"म्हणजे एकमत आहे," घड्याळवाले म्हणाले. "हात वर करायची तरी गरज आहे का?"

काकू उठल्या. गप्प बसल्या असत्या तर बरं, पण तो स्वभाव नव्हे. "चूक वेगाची होती, सायकलची नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता दाखवते. मास्तरांनी मशिनं काढून इथून बेकरीपर्यंत चालत जावं. मी मागून जाते आणि त्यांना ओलांडून पुढं जाते. ते दचकले तर आजच्या आज सायकल परत देते. नाही दचकले तर चालू ठेवा."

सभेत कुजबुज झाली. "हात दाखवून अवलक्षण," यजमान मागून पुटपुटले.

घड्याळवाल्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी एक मशीन काढलं, दुसरं काढलं, दोन्ही काकूंच्या तळहातावर ठेवली आणि उठून रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. पाठ फिरवली आणि निघाले.

सगळे बघायला लागले. मास्तरांना तोफ ऐकू येत नव्हती, तरी लोक कुजबुजत होते. काकूंनी मशिनं कनवटीला लावली, सायकलवर बसून मोटार सगळ्यात खालच्या टप्प्यावर टाकली आणि पाय उचलला. सायकल जोरात कुणीही चालवेल. मुंगीच्या पावलानं, हँडल न डगमगू देता चालवणं, तिथं कस लागतो. काकूंचे दोन्ही हात ब्रेकवर, चाक सरळ रेषेत. अंतर कमी होत होतं. लोकांच्या तोंडावर काकूंना दिसलं, की जमतंय. फुलवालीनं तर उत्साहानं मूठ वळली. शिवणवाल्या बाईला तिच्या मुलानं खास खुर्चीत बसवून खाली आणलं होतं, ती डोळे मिटून बसली होती. काकूंच्या अंगात पुन्हा ते वारं भरलं. अजून थोडं, दोन पेडल, की मास्तरांच्या शेजारून सुळकन पुढं. जिंकलो.

तेवढ्यात मास्तरांनी मान वळवली. पूर्ण नव्हे, खांद्यापर्यंतच, चोरून. चार पावलं गेले आणि दुसऱ्या खांद्यावरून वळवली. आणि आता काकूंना त्यांची पाठ नीट दिसली. ऐंशी वर्षं ताठ राहिलेली ती पाठ वाकली होती. खांदे कानापर्यंत चढले होते, मागून फटका बसणार हे माहीत असलेल्या पोराचे चढतात तसे. पट्टीचा हात छातीशी घट्ट धरलेला. मास्तर त्यांच्या स्वतःच्या रस्त्यावर परगावच्या माणसासारखे चालत होते.

काकू लहान होत्या तेव्हा बँडबरोबर धावायच्या. मास्तर पुढं, मागं ढोल, कर्णे, पन्नास जोडी बूट, आणि हा माणूस कधी म्हणजे कधी मागं वळून बघायचा नाही. मागचे येतायत की नाही हे त्याला कानांनी कळायचं. ते कान गेले, आणि तरीही परवापर्यंत तो या रस्त्यावर वळून बघत नव्हता. वळून बघायला कुणी शिकवलं? काकूंनी.

मास्तरांचं तोंड पुन्हा सरळ झालं. हीच वेळ होती. दोन पेडल, आणि सायकल वाचली असती, शिवणवालीचे कान वाचले असते, सगळं वाचलं असतं. काकूंनी ब्रेक दाबला आणि पाय जमिनीला टेकवला.

"अगं, हे काय," फुलवाली म्हणाली.

मास्तरांना काय कळणार? ते चालतच राहिले. परीक्षा संपली होती आणि ते एकटेच अजून देत होते. चार पावलं, डाव्या खांद्यावरून नजर, चार पावलं, उजव्या खांद्यावरून. ते बघवेना. शेवटी काकूंनी सायकल तिथंच स्टँडवर लावली, दुखऱ्या गुडघ्यानं पार कडेकडेनं धावत त्यांच्या पुढं गेल्या आणि समोर उभ्या राहून दोन्ही हात पसरले. मास्तर थांबले. खांदे उतरले. काकूंनी मशिनं त्यांच्या हातात दिली आणि ती कानात जाईपर्यंत थांबल्या.

"मी हरले, मास्तर," त्या म्हणाल्या.

"पण मी कुठं दचकलो?" मास्तर म्हणाले.

"दचकला नाहीत. पण सगळा वेळ भीत भीत चाललात."

खोटंच नाही म्हणायचा मास्तरांचा स्वभाव नव्हता आणि हो म्हणवत नव्हतं.

"मग ठरलं तर," घड्याळवाले जवळ येत म्हणाले, पण आवाज मघासारखा चढा नव्हता.

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि डोक्यात एकदम दिवा लागला होता. "माझ्या दुकानात सुना येतात, लेक येतात. सगळ्यांना मी एकच सांगते. सासऱ्यांना मागून हाक मारू नका. समोर जा, तुमचं तोंड त्यांना दिसू द्या, मग बोला. इतकी वर्षं सांगत आले. आणि सायकलवर बसले की मागून पितळ बडवते. मला अक्कल नाही, घड्याळवाले. मी आता कुणाच्याच मागून येणार नाही. समोरून येईन."

"म्हणजे कसं?"

"सकाळी सगळे वर जातात ना? मग मी सकाळी वरून खाली येईन. संध्याकाळी सगळे खाली येतात, तेव्हा मी खालून वर. म्हणजे ज्याला त्याला मी लांबूनच दिसेन."

"आणि कुणी तुमच्याच दिशेनं चाललं असेल तर?" वकिलीणबाईंनी वकिली सोडली नाही.

"तर मी उतरेन आणि सायकल हातात धरून चालेन. त्याचं घर येईपर्यंत."

"अहो, पण तुमचं दुकान खाली," घड्याळवाले म्हणाले. "सकाळी वरून यायचं म्हणजे आधी बाहेरच्या मोठ्या रस्त्यानं सगळा वळसा घालून बागेपर्यंत चढायचं. तो चढ बघितलाय? तिथं टेंपोसुद्धा कण्हतो."

"मग मोटार कशाला आहे?" काकू म्हणाल्या. "चढ तिनं चढावा. रस्त्यातल्या माणसांनी माझ्यासाठी का बाजूला व्हायचं?"

सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडं गेल्या. घड्याळवाले म्हणाले, "मास्तर, पडलात तुम्ही. तुम्ही नको म्हणालात तर आजपासून बंद."

मास्तरांनी पट्टीवरून हात फिरवला. "उद्या सकाळी मी नेहमीसारखा निघेन," ते म्हणाले. "मशिनं न घालता. मग बघू."

दुसऱ्या दिवशी काकू उजाडल्यापासून तयार. चहा अर्धा तसाच. यजमानांनी पेटी नीट बांधली, टायर दाबून बघितले आणि म्हणाले, "बाहेरच्या रस्त्यावर मात्र सांभाळून." हे "हं" नव्हतं. काकूंना तेवढं पुरलं.

बाहेरच्या रस्त्यावर चालणारं चिटपाखरू नव्हतं. कडेची सायकलींची पट्टी रिकामी. काकूंनी मोटार वरच्या टप्प्यावर टाकली आणि काय सांगू, सायकलनं चढ असा घेतला जसा तो उतार आहे. वारा तोंडावर, डोळ्यांतून पाणी, गुडघ्याला पत्ताच नाही काही. एक टेंपो खरंच कण्हत चालला होता, त्याला त्यांनी मागं टाकलं. "अहाहा," काकू मोठ्यानं म्हणाल्या. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा म्हणाल्या. ही बाई आयुष्यात एवढ्या जोरात कुठंच गेली नव्हती, आणि या वेळी तिच्या जोरापायी कुणाच्या हातातला ट्रे हलत नव्हता.

बागेच्या फाटकापाशी येऊन त्या थांबल्या. मोटार सगळ्यात खालच्या टप्प्यावर आणली, दोन्ही हात ब्रेकवर ठेवले आणि आपल्या रस्त्याला लागल्या.

आणि काय आश्चर्य, रस्त्याला तोंडं होती. इतके दिवस काकूंनी नुसत्या पाठी बघितल्या होत्या, आणि पाठी सगळ्या सारख्याच, वाटेत येणाऱ्या. आता समोरून बेकरीवाला आला, झोपाळलेला, गालाला पीठ. त्यानं लांबूनच बघितलं आणि ट्रे तसाच धरून मान हलवली. वकिलीणबाई दारातून डोकावल्या, काकू दिसल्या, आणि सरळ बाहेर आल्या. शिवणवाल्या बाईनं खिडकीतून बोट कानाकडं नेऊन दाखवलं, मशीन व्यवस्थित आहे. काकूंची घंटी एकदाही वाजली नाही. कुणासाठी ती वाजवायची गरजच पडत नव्हती.

घड्याळवाले दुकानाचं शटर अर्धं उघडून बघत उभे होते. आणि खालून, रस्त्याच्या बरोबर मधून, काळा कोट आला.

काकू थांबल्या. पाय टेकवला. मास्तर सरळ चालत आले, बाजूला वगैरे काही झाले नाहीत, आणि चाकापुढं येऊन उभे राहिले. कान रिकामे होते. त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग सायकलकडं, मग पुन्हा चेहऱ्याकडं.

"इथून पुढं गेलो की तुम्ही माझ्या पाठीमागं," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळं ते अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं.

काकूंनी मान हलवली. ओठ नीट दिसतील असं, सावकाश त्या म्हणाल्या, "मी खाली. तुम्ही वर." आणि बोटानं दाखवलं.

मास्तर थोडा वेळ त्यांच्या ओठांकडं बघत राहिले. मग त्यांनी सायकलला वळसा घातला आणि निघाले. काकूंना हलवेना. त्या तशाच सीटवरून मान वळवून बघत राहिल्या. घड्याळवालेही बघत होते, शटरला हात तसाच लावून. बेकरी गेली, वकिलीणबाईंचं दार गेलं. काकूंना वाटलं, आता वळतील, आत्ता वळतील. वकिलीणबाईंच्या पुढं मास्तरांचा पट्टीचा हात छातीवरून सुटला आणि चालण्याबरोबर मागंपुढं व्हायला लागला. खांदे खाली होते. पाठ सरळ होती. बागेच्या फाटकातून ते आत गेले, आणि तोवर त्यांनी मागं एकदाही बघितलं नाही.

घड्याळवाल्यांनी शटर खडखडत वर सारलं. "जा, काकू," ते म्हणाले. "लोक खोळंबलेत."

काकूंनी नाक पुसलं, डोळे पुसले, आणि समोर बघत हळूहळू उताराला लागल्या.